सामानात एकच पुस्तक

रविवार, २९ जुलै २००१. दिवसभर झिमझिम. सकाळी कुमुदचा लेस्टरहून फोन. दिवाळीला येते आहे. वीरेशसाठी पुस्तक आणेल, पण एकच; ही पुस्तके विटेसारखी जड असतात म्हणाली. दुपारी मंडळी जमली. आदर्श आणि कृष्णात मोठ्याने भांडले. शेजारच्या दवाखान्यातली नर्स गॅलरीतून डोकावून गेली. खेळ झाला नाही. भजी उरली.

ही माझ्या डायरीतली नोंद. कुमुद माझी मुलगी. वीरेश माझा भाडेकरू. राजारामपुरीतल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत तो चार-पाच वर्षांपासून राहत होता. गाव निपाणीजवळ; घरात कानडी, बाहेर मराठी. मला तो पहिल्या दिवसापासून 'अज्जी' म्हणत आला. शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत तो पॅटर्न करतो. लोखंड ओतायच्या आधी त्या भागाचा लाकडी नमुना करावा लागतो, तो वाळूत दाबतात, आणि वाळूत जी पोकळी उमटते तिच्यात लोखंड जाते. नमुना चुकला की पुढचे सगळे चुकते. त्यामुळे असेल, वीरेश मापाशिवाय कशालाही हात लावत नाही. एकदा माझ्या कपाटाचे दार अडकायला लागले. मी म्हटले, जरा रंधा मार आणि मोकळे कर. तो दार उघडून, मिटून, खाली वाकून बघून म्हणाला, "आज नको अज्जी. कुठं फुगलंय ते बघायला पाहिजे." पाऊस संपेपर्यंत त्याने मला थांबवले. मग दार एकदाच तासले. ते पुन्हा अडकले नाही.

अशा माणसाच्या डोक्यात हा खेळ कसा शिरला, हे सांगायला हवे.

शहाण्णव साली त्याच्या फाउंड्रीत कास्टिंगची तपासणी करायला एक इंग्रज इन्स्पेक्टर येऊन राहिला होता. ऐन पावसाळा, संध्याकाळी करण्यासारखे काही नाही. त्याने गेस्ट हाउसवर दोघा-तिघांना गोळा करून हा खेळ शिकवला. यात पट नसतो, सोंगट्या नसतात. एक जण गोष्ट सांगतो: तुम्ही घाटात आहात, समोर पूल आहे, पुलावर राक्षस आहे. बाकीचे प्रत्येकी एका माणसाच्या भूमिकेत असतात. आपला माणूस काय करतो ते ज्याने त्याने सांगायचे, आणि ते जमले की फसले हे फासा टाकून ठरवायचे. फाशांना सहा बाजू असतात तसे आठही असतात, वीसही. इन्स्पेक्टर जाताना आपल्या नियमांच्या पुस्तकाची झेरॉक्स वीरेशला देऊन गेला. फासे मात्र त्याने नेले. वीरेशने कारखान्यातल्या सागवानाच्या तुकड्यांचे नवे केले. विसाही बाजू सारख्या यायला त्याला दिवाळी उजाडली.

पुढल्या वर्षी तो माझ्याकडे राहायला आला आणि रविवारी दुपारी माझ्या जेवणाच्या टेबलाभोवती माणसे जमू लागली. वडणग्याचा कृष्णात, घरच्या म्हशी, सकाळी राजारामपुरीत दूध घालायचा आणि माझ्याकडेही तोच घालायचा. कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवणारी संयोगिता. आणि एका औषधांच्या डीलरकडे हिशेब बघणारा आदर्श. इंग्रजी सगळ्यांनाच येत होते, पण नियमांचे इंग्रजी वकिली होते. म्हणून मी वाचायचे आणि मराठीत सांगायचे. नन्सच्या शाळेत शिकल्याचा माझ्या म्हातारपणी एवढा उपयोग होईल असे वाटले नव्हते.

झेरॉक्स अर्धवट होती. दुकानात वीज गेली असावी, किंवा तिथल्या मुलाने गठ्ठा पालथा केला असावा. मधले एक प्रकरण पूर्ण गायब होते. नेमके ते जखमांचे आणि मरणाचे. ते कळले तेव्हा कृष्णातचा माणूस एका गुहेत लांडग्यांच्या तावडीत सापडला होता. कृष्णातने त्याचे नाव ठेवले होते हंबीरराव. कागदावर आकड्यात लिहिलेली हंबीररावाची ताकद उतरत उतरत शून्यावर आली आणि पुढे काय, हे कुणालाच माहीत नव्हते. वीरेश पाने उलटत राहिला. कृष्णातचा चेहरा बघवेना. मी स्वयंपाकघरातून म्हटले, "अरे, पडलाय ना? मग त्याला घरी नेऊन पोचवा."

तोच नियम झाला. जो पडेल त्याला बाकीच्यांनी उचलून त्याच्या घरी पोचवायचे. तोवर मोहीम बंद. घरच्यांना काय झाले ते तोंडाने सांगायचे, आणि मगच परत फिरायचे. यासाठी प्रत्येकाला घर लागले. घर म्हटल्यावर ज्याने त्याने आपलेच गाव सांगितले. हंबीरराव वडणग्याचा. आदर्शच्या माणसाचे नाव व्हिक्टर, पण आदर्शचे आजोळ आजऱ्याचे, म्हणून व्हिक्टरची आई आजऱ्यात काजूच्या बागेत राहायची. वीरेशच्या नकाशावर राक्षसांचा डोंगर उतरला की आजरा लागत असे. त्यात कुणाला काही वावगे वाटले नाही.

त्या जुलैत आदर्श पुण्याला मामाकडे जाऊन आला. तिथे कॉलेजची मुले हाच खेळ खेळताना त्याने पाहिली. त्यांच्याकडे पूर्ण पुस्तक होते.

"आपण सगळं चुकीचं खेळतोय," खुर्चीत बसायच्या आधीच तो म्हणाला. "शून्याला आला की फासा टाकायचा. कमी पडला तर मेला. विषय संपला. नवा माणूस घ्यायचा आणि पुढं चालायचं."

"मेला म्हंजे?" कृष्णात म्हणाला.

"म्हंजे मेला. तुझा हंबीरराव आतापर्यंत चारदा मेलाय, भावा. तू भूत घेऊन खेळतोयस."

"तुझा व्हिक्टर कवा बरा जगला रं? निम्म्या वाटंला तर आम्हीच त्याला पाठीवर घिऊन गेलतो. काजू खाऊन जड झालाय नुसता."

"तेच म्हणतोय मी! निम्मा खेळ हमाली करण्यात जातोय. लोकं हसतील आपल्याला."

"कोन लोकं? हितं कोन बघाय येतंय? आजी हसत्यात का?"

तिथून आवाज चढले. कुमुदच्या फोनची बातमी मी मध्येच सांगितली, थांबतील या आशेने. पण त्याने भांडणाला विषयच मिळाला. एक पुस्तक येणार, ते कोणते? आदर्शला नियमांचे पूर्ण पुस्तक हवे होते. कृष्णातला चित्रांचे, सगळे राक्षस असलेले. संयोगिता म्हणाली की पुस्तक नकोच, कुमुदताईंना चॉकलेट आणू दे.  वीरेशला काय हवे ते त्याने न सांगताही मला माहीत होते. जुन्या कॅटलॉगातले एक पान त्याने कापून ठेवले होते. त्यावर एका जाड पुस्तकाचे चित्र होते: एका अख्ख्या खंडाचे नकाशे, बंदरे, शहरांच्या गल्ल्या. ते पान तो कारखान्यातल्या ड्रॉइंगच्या फाईलमध्ये ठेवायचा आणि मधूनमधून काढून बघायचा.

"नियमांचं येणार नसलं तर मी दुसरं टेबल लावतो," आदर्श जाताना म्हणाला. "संयोगिताच्या क्लासची दोन-तीन पोरं तयार हायत."

पुढचे दोन रविवार कुणी आले नाही. कृष्णात सकाळी दूध घालून जायचा, जिन्याकडे बघायचा, आणि निघून जायचा. वीरेश सुट्टीच्या दिवशीही कारखान्यात जाऊ लागला. आठवड्यातून एकदा चार माणसांत मोकळेपणी बोलणारा हा मुलगा. ते टेबल मोडले तर त्याला या गावात पगार आणि खोली एवढेच उरले असते. गावी त्याच्या वडिलांनी तंबाखूच्या वखारीत जागा धरून ठेवली होतीच. मला ते दिसत होते, म्हणून मी न विचारता सल्ला दिला.

"राक्षसांचं मागवून टाक," मी म्हटले. "कृष्णात खूश होईल. आदर्शचा राग दोन दिवसांचा असतो."

"बघतो अज्जी," तो म्हणाला.

मग एका संध्याकाळी तो सायबर कॅफेतून तीन कागद छापून घेऊन आला. तिन्ही पुस्तकांचे वर्णन इंग्रजीत होते. मी त्याला एकेक वाचून दाखवले. त्याने सगळी पुन्हा वाचायला लावली. नकाशांच्या पुस्तकाचा कागद त्याने हातात धरून ठेवला होता. वाचून झाल्यावर त्याची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली. मग वर गेला.

त्या रविवारी त्याने स्वतः फोन करून सगळ्यांना बोलावले. चहा व्हायच्याही आधी सांगून टाकले.

"नियमांचं मागवायचं."

आदर्शने टेबलावर थाप मारली. कृष्णात म्हणाला, "वीरेश, तू बी?"

"फासा टाकून ठरवूया की," संयोगिता म्हणाली. "निदान कुणावर राग नको."

"फासे गोष्टीत. हे घरातलं आहे," वीरेश म्हणाला.

"मग माझं बी ऐक." कृष्णात उभाच राहिला. "चार वर्सं झाली हंबीररावाला. त्या पुस्तकापायी त्यो मेला, तर मी ह्या टेबलाला परत बसायचो न्हाय. दूध तेवढं घालीन आजीस्नी."

"ऐकलं," वीरेश म्हणाला. "तरी तेच मागवायचं."

सगळे गेल्यावर तो कपबश्या आत घेऊन आला. मी विचारले, "तुला स्वतःला ते नकाशांचं हवं होतं ना?"

"हवं होतं की."

"मग?"

तो कप विसळत राहिला. "आमच्यात ड्रॉइंग मिळालं नाही तर अंदाजानं पॅटर्न करतात, अज्जी. चालतं ते. पण ड्रॉइंग आहे, कपाटात आहे, आणि आपल्याला गैरसोयीचं म्हणून काढून बघत नाही, हे नाही चालत. आजवर आपल्याला माहीत नव्हतं. आता माहीत आहे की नियम आहे. आता तो न बघता खेळलो तर मी प्रत्येक वेळी खोटं सांगतोय असं वाटणार मला."

"आणि कृष्णात गेला तर?"

"तर वडणग्याला जाईन त्याच्याकडं. पुन्हा पुन्हा जाईन." त्याने कप पालथा घातला. "पण पुस्तक तेच."

मी कुमुदला तसे कळवले.

ती दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आली. कपड्यांच्या मधोमध ते पुस्तक होते, कापडात गुंडाळलेले. वीरेशने हात धुऊन मग ते घेतले. टेबलावर ठेवून त्याचे पुठ्ठे, शिवण, पानांची कड बघितली. नंतर हरवलेले प्रकरण काढून माझ्यासमोर ठेवले. मी वाचले. आदर्शने सांगितले होते तसेच निघाले. शून्यावर आला की पडतो. विसाचा फासा एकदा टाकायचा. दहा किंवा वर आले तर वाचतो; खाली आले तर मेला. पुढच्याच ओळीपासून नवा माणूस कसा करायचा ते सुरू होत होते.

"मधलं काही नाही?" वीरेशने विचारले.

"काही नाही," मी म्हटले.

दिवाळी सरली आणि रविवारी मंडळी जमली. कृष्णातही आला. हंबीरराव जिवंत असेपर्यंत यायचे असे त्याने ठरवले असावे. कुमुदला हा खेळ बघायचा होता, म्हणून ती कोपऱ्यात खुर्ची टाकून बसली.

मोहीम मोठी होती. राक्षसांच्या डोंगरावरून गावकऱ्यांना खाली उतरवायचे होते. वाटेत खिंड होती आणि मागून दगडाचा राक्षस येत होता. व्हिक्टर म्हणाला, सगळे पळूया. संयोगिता वैदूच्या भूमिकेत होती; ती म्हणाली, म्हाताऱ्यांना पळता येत नाही. तेव्हा कृष्णात म्हणाला, "तुम्ही फुडं व्हा. हंबीरराव खिंडीत हुबा ऱ्हातो."

"अरे खुळ्या," आदर्श म्हणाला, "आता जुना नियम न्हाय. माहीत हाय न्हवं?"

"हंबीररावाला कुठं माहीत हाय नियम बदललाय त्ये?" कृष्णात म्हणाला. "त्यो पैल्यापासनं असाच हाय."

हंबीरराव बराच वेळ टिकला. गावकरी खिंडीपार झाले. मग राक्षसाचा हात बसला, पुन्हा बसला, आणि ताकद शून्यावर आली.

वीरेशला फासा ड्रॉइंगच्या फाईलआड टाकायची सवय होती. गोष्ट सांगणारे तसेच करतात. काय पडले ते त्यांनाच दिसते, आणि त्यांनी म्हटले तेच खरे. कुमुदने माझ्याकडे पाहिले. तिलाही कळले होते की तो आत्ता हवे ते म्हणू शकतो. वीरेशने फाईल उचलली आणि खाली जमिनीवर ठेवली. वीस बाजूंचा सागवानी फासा कृष्णातपुढे सरकवला.

"तू टाक. सगळ्यांसमोर."

कृष्णातने टाकला. सहा.

"मेला," वीरेश म्हणाला. त्याने तो शब्द पुन्हा म्हटला. "हंबीरराव मेला."

 कृष्णातने आपला कागद उचलला, घडी केली, आणि दाराशी जाऊन चप्पल शोधू लागला. वीरेश उठला नाही. पुस्तकावर दोन्ही हात ठेवून बसून राहिला.

आदर्शने पुस्तक त्याच्या हाताखालून ओढून घेतले. ते पान काढले, पुढचे काढले, परत मागचे. "पुढं काय?" तो म्हणाला. "हितं तर एकदम नवा माणूसच चालू झालाय. ह्याचं काय करायचं?"

"ते पुस्तकात नाही," वीरेश म्हणाला. "मेला, हे पुस्तकाचं. त्याच्यात मी बदल करणार नाही. पुढचं आपलं आहे."

आदर्श खुर्ची मागे सारून उभा राहिला. "कृष्णात! कुठं निघालास?"

"घरला. म्हशी हायत."

"आणि हंबीररावाला काय खिंडीत टाकून जाऊ व्हय? आमच्यासाठी हुबा ऱ्हायला त्यो. मी पाय धरतो, संयोगिता, तू डोकं धर. वीरेश, वडणगं किती लांब हाय?"

"तीन दिवस. वाटेत नदी आहे."

"आसू दे. व्हिक्टर पाण्यात उतरतो. काजू खाल्लेत की भरपूर." त्याने हे कृष्णातकडे बघून म्हटले, पण कृष्णात हसला नाही. एक चप्पल पायात, एक हातात, तसाच उंबऱ्यावर उभा होता.

त्यांनी हंबीररावाला नदीपार केले. संयोगिताने वाटेत दोनदा विसावा मागितला. वीरेश रस्ता सांगत होता, हळू, एकेक वळण. मग वडणगे आले. संयोगिताने टेबलावर बोटांनी टकटक केली.

"कोण आहे का घरात?" ती म्हणाली. "हंबीररावाच्या आई?"

आजवर ज्याचे घर, त्यानेच घरच्यांचे बोलायचे, असा आमचा शिरस्ता होता. सगळ्यांनी दाराकडे पाहिले. कृष्णातने हातातली चप्पल उलटीपालटी केली. मला वाटले, हा आता निघून जातो.

"हाय," तो म्हणाला. "कोन हाय?"

"आम्ही. हंबीररावाबरोबरची."

"त्यो कुठं हाय?"

संयोगिताने आदर्शकडे पाहिले. तेव्हा आदर्श म्हणाला, "आणलाय, मावशी. आम्ही पळालो. त्यो न्हाय पळाला."

कृष्णात दाराच्या चौकटीला टेकला. "आंगनात ठिवा," तो म्हणाला. "तुळशीपशी न्हको, गोठ्याच्या बाजूला ठिवा. म्हशींस्नी बी कळू दे." थोड्या वेळाने म्हणाला, "चालत आलाय तीन दिस. उपाशी आसाल. पन आज आमच्यात चूल पेटायची न्हाय. तानाबाईला सांगते, शेजारनीला. तिच्यात जेवा. जेवल्याबिगर जायाचं न्हाय."

"व्हय मावशी," आदर्श म्हणाला.

"आनि त्यो धाकटा हाय माझा."

वीरेशने मान वर केली.

"आम्ही त्याला न्यायला आलो नाही, आई," संयोगिता घाईने म्हणाली.

"म्या तरी कुठं तुमास्नी इचारत्येय? त्यो आइकनार हाय व्हय माझं? भावाची जागा मोकळी दिसली की निघंलच." कृष्णातने हातातली चप्पल खाली टाकली आणि पायातली काढली. "दहावा होऊ द्या. मग सकाळी म्हशी पिळून झाल्या की लावून देते. त्येच्या आदी न्हाय."

तो येऊन आपल्या खुर्चीत बसला. वीरेशने पुस्तकातले नव्या माणसाचे पान काढले आणि एक कोरा कागद त्याच्यापुढे ठेवला.

"नाव?" त्याने विचारले.

"पिराजी," कृष्णात म्हणाला. "आनि पैलंच सांगतो, त्येला पोहता येत न्हाय."

त्या दिवशीची नोंद मोठी झाली. शेवटची ओळ अशी आहे: स्वयंपाकघरातला नळ गळतो आहे, उद्या वॉशर बदलून घ्यायचा.